विषय: मंडळाचा जुना लॅपटॉप, आता कुठलं व्हर्जन टाकायचं?

नमस्कार मंडळी,
गणपतीत तिकिटांच्या टेबलावर असतो ना तो २०१५चा लॅपटॉप, तो आता सारखा विंडोज १०चा सपोर्ट संपला म्हणून दाखवतोय. दुकानात नेला तर तिथला मुलगा म्हणाला यावर ११ चढणार नाही, नवीनच घ्या. सगळ्या सभासदांचे पत्ते, फोन नंबर, चेकचे हिशोब त्यातच आहेत, म्हणून मला काळजी वाटतेय. काय करावं?
– सचिव

---

ताई, माझं मत, जुन्या मशीनला जुनंच व्हर्जन बरं. विंडोज ७ टाका, अगदी हलकं आहे, माझ्याकडे सीडी आहे.
– तुमचे काका, एडिसन (न्यू जर्सी)

---

काका, ७ खरंच छान होतं, पण त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, आणि क्रोमसुद्धा त्यावर १०९ व्हर्जनच्या पुढे जात नाही. बँकेची साइट उघडायला ते मशीन मी कोणाला देणार नाही. जुन्या लॅपटॉपला व्हर्जन नवीनच हवं, फक्त वरचा डेस्कटॉप हलका हवा, या दोन गोष्टींची गल्लत होते.

ताई, दुकानातल्या मुलाचं बरोबर आहे, यात पाचव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आहे आणि ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण. रुफस या सॉफ्टवेअरने विंडोज टाकायची यूएसबी बनवताना ती तपासणी वगळता येते, माझ्या घरच्या एका मशीनवर केलंय मी, पण तसं केल्यावर अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि इथे दुसऱ्यांचे पत्ते आहेत, त्यामुळे नको.

आजच्या आज करायचं ते म्हणजे विंडोज १०चे जादा वर्षभराचे सिक्युरिटी अपडेट चालू करणं. ३० डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्ज बॅकअप चालू केलंत तर फुकट. आधी विंडोज १०चं शेवटचं व्हर्जन, २२एच२, आहे ना तेवढं बघा. पण ही वर्षाचीच सोय आहे. त्यानंतर माझी पसंती लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टीम, आणि त्यातही २२, कारण ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं आहे आणि एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट येतात. २१ घेतलं तर एप्रिल २०२७ला परत हेच सगळं करत बसायचं. रॅम ४ जीबीच आहे म्हणून मिंटचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या, सिनॅमन हा दुसरा डेस्कटॉप दिसायला देखणं आहे पण ८ जीबी असली तर. आणि खरी रड हार्ड डिस्कची आहे हो, ती फिरणारी काढून साधी अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली की हाच लॅपटॉप पटकन उघडेल, कुठलंही व्हर्जन टाका.

---

थांबा थांबा, काही पुसायच्या आधी माझं ऐका! आपले जुने दिवाळी अंक श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, सगळे त्याच लॅपटॉपवर. मिंटवर उघडतील का? आणि मराठी टाइप कसं करायचं?
– अंकाचं काम बघणारी

---

बरं झालं लिहिलंत, हे मला माहीतच नव्हतं. तो मजकूर युनिकोड (आता सगळीकडे चालणारी मराठी) नाहीये, आत इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फॉन्टमुळे ते मराठी दिसतात, फॉन्ट गेला की नुसता कचरा दिसणार. म्हणून विंडोज आहे तोवर प्रत्येक अंकाची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे पानं तरी जशीच्या तशी राहतील, आणि मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात, तिथेच घोळ होतो. निम्मे अंक मी घेतो. वीसेक वर्षांचं लोकांचं लिखाण आहे, आईवडिलांच्या आठवणी आहेत त्यात, ते हरवता कामा नये.

टाइपिंगची चिंता नको. मिंटमध्ये आयबस या टायपिंगच्या सोयीतून इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड येतो, कळा विंडोजसारख्याच, आणि रोमनमधून लिहिणाऱ्यांना फोनेटिक पण आहे. सभासदांची एक्सेल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटवरचं ऑफिस) उघडेल, मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, असतील तर मात्र नीट चालतीलच असं नाही, ताई, तेवढं बघून सांगा.

---

मॅक्रो नाहीत, नुसत्या बेरजा आहेत. अपडेट चालू केले, २२एच२च होतं. अंकांच्या पीडीएफ संपल्या की लॅपटॉप घेऊन येते.
– सचिव

---

या. आणि येताना प्रोजेक्टरची केबल आणि तो तिकिटांचा प्रिंटर पण आणा. मिंट आधी यूएसबीवरूनच चालवू, डिस्कला हात न लावता, वायफाय आणि प्रिंटर चालले तरच पुढे जाऊ. जुनी हार्ड डिस्क काढली तरी फेकायची नाही, काकांच्या कपाटात ठेवू.