मदत हवी आहे (तातडीचे): अपडेट चालतंय, पण आकडा बदलत नाही

दूधवाला_९०
प्रोग्राममधून अपडेट चालवतोय. एरर नाही, काही नाही. टेबल उघडून बघावं तर सभासदांची उचल (त्यांच्याकडून येणं बाकी) जशीच्या तशी. सकाळपासून पंधरा वेळा तपासलं, क्वेरी बरोबर आहे. उद्या पगार वाटायचाय. लवकर सांगा.

खडूस_कोडर
कुठली भाषा? कुठला डेटाबेस? क्वेरी काय? बरोबर आहे की नाही ते बघू की आम्ही.

दूधवाला_९०
पायथन, एसक्यूलाइट. गावच्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मीच केलंय. सभासद पशुखाद्य उचलतात, ते दर दहा दिवसांच्या पगारातून कापतो. अपडेट सभासद, सेट उचल = उचल वजा कपात, व्हेअर (ओळ शोधायची अट) नाव = अमुक. कपातीची यादी सीएसव्हीतून (साध्या मजकुराच्या तक्त्यातून) येते. मोबाइलवरून लिहितोय, कोड चिकटवता येत नाही.

नगरकर
डीबी ब्राउझरमध्ये (डेटाबेस उघडून बघायच्या प्रोग्राममध्ये) तीच फाइल उघडी असणार. लॉक झालीय. माझा अख्खा रविवार गेला होता यात.

खडूस_कोडर
लॉक असती तर पायथन पाच सेकंद वाट बघून बोंबलला असता. इथे एररच नाही म्हणतोय तो. दूधवाले, कमिट (बदल पक्का करायची आज्ञा) केलंय का? पायथन अपडेटच्या आधी गुपचूप ट्रान्झॅक्शन, म्हणजे कच्चा व्यवहार, उघडतो. कमिट न करता कनेक्शन बंद केलं की सगळं रोलबॅक, म्हणजे पूर्ववत.

आकडेमोड
दोन-अडीचशे सभासदांसाठी डेटाबेस कशाला? एक्सेल, व्हीलुकअप (नावावरून शोधायचं सूत्र), विषय संपला.

हत्तीप्रेमी
एक्सेल नको आणि एसक्यूलाइटही नको. खेळणं आहे ते. पोस्टग्रेस डेटाबेस टाका.

खडूस_कोडर
ज्या फोनवरून हे लिहिलंत त्यातही तेच खेळणं आहे.

दूधवाला_९०
कमिट नव्हतंच! टाकलं, झालं. पण २१४ पैकी १९७ जणांचीच उचल कमी झाली. १७ जण तसेच. परत चालवलं तरी तेच.

सह्याद्रीची_लेक
थांबा, "परत चालवलं" म्हणजे?? उचल वजा कपात असं लिहिलंय ना? मग त्या १९७ जणांची कपात दोनदा झाली. आता हात लावू नका. सकाळची फाइल कुठे ठेवलीय का?

दूधवाला_९०
अरे देवा. बघतो.

नगरकर
उचल रिअलमध्ये (दशांशात) ठेवलीय का? रुपयांऐवजी पैसे मोजून पूर्णांक ठेवा. रिअलमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ होत नाहीत.

खडूस_कोडर
खरं आहे, पण १७ जण त्याने गळत नाहीत. प्रत्येक अपडेटनंतर कर्सरचा रोकाउंट (किती ओळींना अपडेट लागलं तो आकडा) छापा. शून्य आला म्हणजे व्हेअरला कोणी सापडलंच नाही. एसक्यूलाइट त्याला चूक मानत नाही, गप्प पुढे जातो.

जुना_खेळाडू
चुकीचं सांगू नका. ओळ सापडूनही शून्य येतो. नवी किंमत जुनीच असली की मायएसक्यूएल ती ओळ मोजतच नाही.

खडूस_कोडर
काका, धागा एसक्यूलाइटचा आहे. तो सापडलेल्या सगळ्या ओळी मोजतो.

दूधवाला_९०
सतराही जणांना शून्यच. कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे, सगळे असलेच. पण नावं दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तीच आहेत हो!

सह्याद्रीची_लेक
दिसायला तीच. सगळ्यांत ऱ्ह आहे बघा. सभासदांची यादी जुन्या फाँटातून कन्व्हर्टरने युनिकोड केली होती का? आणि सीएसव्ही फोनच्या कीबोर्डवर? हा ऱ्ह दोन-तीन तऱ्हांनी साठवता येतो. थेट ऱ घेऊन, नाहीतर र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे, किंवा र खाली नुक्ता (टिंब). डोळ्यांना एकच, डेटाबेसला वेगळे. दोन्हीकडच्या कुऱ्हाडेची लेंग्थ (साठवलेल्या चिन्हांची संख्या) काढा. एकीकडे ८, दुसरीकडे ९ येईल बहुतेक.

दूधवाला_९०
८ आणि ९! तीन तास गेले माझे यात.

सह्याद्रीची_लेक
नुक्त्याचा प्रकार एनएफसी (युनिकोड अक्षरं एकसारखी करायची पद्धत) केलं की सुटतो. झेडडब्ल्यूजे त्याने जात नाही, तिथे र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी रिप्लेसने ऱ आणि हलन्त घालावे लागतात. पण मुळात नावावर व्हेअर लावूच नका, सभासद क्रमांक लावा. एकाच नावाचे दोघे निघाले तर एकाची कपात दोघांच्या माथी बसेल. आणि कमिट लूपच्या बाहेर, शेवटी एकदाच. मध्ये कुठे रोकाउंट १ सोडून दुसरं काही आलं तर रोलबॅक. अर्धवट काही राहणार नाही.

आकडेमोड
म्हणून म्हणत होतो, एक्सेल.

खडूस_कोडर
एक्सेलच्या व्हीलुकअपलाही ती नावं वेगळीच वाटली असती, साहेब.

हत्तीप्रेमी
अवांतर: मराठी पावती थर्मल प्रिंटरवर नीट येत नसेल तर आधी चित्र करून मग छापा. जोडाक्षरं तुटत नाहीत.

दूधवाला_९०
ते विचारलं नव्हतं, पण तोही त्रास आहेच, बघतो. सकाळी पेन ड्राइव्हवर फाइल घेतली होती, देवाची कृपा. ती परत ठेवली, सीएसव्हीत क्रमांकाचा रकाना घातला, एकदाच चालवलं. २१४ ओळी, सगळीकडे रोकाउंट १. कुऱ्हाडे अण्णांची उचल वहीशी ताडून बघितली, जुळली. ताई, खडूस भाऊ, आभार.

नगरकर
३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून बाकी घन पदार्थ) दुधाला काय दर देता तुमच्याकडे?