मदत हवी आहे: अपडेटमध्ये लाईन गेली, विंडोजच्या फायली बिघडल्या, फॉरमॅटशिवाय इलाज आहे का?

नमस्कार मंडळी. नागपुरात घरी असेम्बल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज ११. मागच्या आठवड्यात अपडेट सुरू असतानाच लाईन गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच मेली होती, बदलायचं आज-उद्या करून राहिलो होतो. आता कॉम्प्युटर सुरू होतो, पण स्टार्ट मेनू उघडत नाही आणि सेटिंग्ज उघडून लगेच बंद होतं.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून, विंडोजच्या खराब फायली शोधून दुरुस्त करणारं 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवलं. खराब फायली सापडल्या, काही दुरुस्त झाल्या नाहीत, असं उत्तर आलं. मग 'डिसम' या विंडोजच्याच दुसऱ्या दुरुस्ती-साधनाचं रिस्टोअर हेल्थ चालवलं. ते ६२.३ टक्क्यांवर असं अडकलं की अर्ध्या तासाने वैतागून खिडकी बंद केली. दुसऱ्या वेळी सोर्स फायली सापडत नाहीत असा एरर, शेवटी ०८१एफ.

बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. पण बाबांनी सोसायटीची पंधरा वर्षांची इतिवृत्तं कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केली आहेत. फायली पेनड्राइव्हवर घेईन, पण फॉन्टची सीडी केव्हाच हरवली. फॉन्ट गेला तर सगळ्या मजकुराची रोमन अक्षरांची खिचडी होते, हे एकदा भोगलंय.

प्रतिसाद:
भाऊ, क्रम उलटा झाला. एसएफसी चांगली फाइल विंडोजच्याच कोठारातून, म्हणजे विनएसएक्सएस फोल्डरमधून आणतं. कोठारातलेच दाणे किडले असतील तर ते काय करणार? म्हणून आधी डिसम, मग एसएफसी. ६२.३ वर ते बऱ्याच जणांकडे रेंगाळतं, मध्येच बंद करू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुमच्याच आवृत्तीची आयएसओ, म्हणजे अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये, उतरवा, डबल क्लिक केलं की नवा ड्राइव्ह दिसेल. त्याच्या सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉल डॉट विम किंवा ईएसडी (विंडोजच्या चांगल्या फायलींचं गाठोडं) डिसमला सोर्स म्हणून द्या. तरी नाही जमलं तर त्याच आयएसओतलं सेटअप चालू विंडोजमधूनच चालवा आणि 'वैयक्तिक फायली आणि ॲप्स ठेवा' निवडा. फॉन्टही टिकतात. पण सगळ्यात आधी डिस्क तपासणारं चेकडिस्क करा. डिस्कच मरायला टेकली असेल तर वरची मेहनत पाण्यात. आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कृतिदेवची टीटीएफ फाइल, म्हणजे फॉन्टच, आजच काढून ठेवा, बाप्पा!

धागाकर्ता:
टीटीएफ तीन ठिकाणी ठेवली. डिस्क ठीक निघाली. आयएसओ देऊन डिसम लावलं आणि जेवायला बसलो, ६२.३ वर थांबलं होतं, ताट उचलेपर्यंत १०० झालं. नंतर एसएफसीने उरलेल्या फायली नीट केल्या. स्टार्ट, सेटिंग्ज सुरू. फक्त कॅल्क्युलेटर उघडत नाही. ते ॲप रिसेट करून होईल, की सेटअपच चालवावं लागेल?