हलवा म्हणजे नक्की कुठला हलवा? (आणि काटा, पाक, गाठी वगैरे)

भाचीच्या लेकाचं यंदा पहिलं बोरन्हाण. ती बंगळुरात असते, तिने फोनवर विचारलं मावशी हलवा कसा करायचा गं, मी सांगायला लागले की खसखस घे, बारीक साबुदाणा घे, तर मला मधेच थांबवून म्हणते हलव्यात साबुदाणा कुठे असतो, रवा ना? तिचं काही चुकलं नाही, आजूबाजूला सगळे रव्याच्या शिऱ्यालाच हलवा म्हणतात. पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. पुढच्याच आठवड्यात दुकानात हलव्याच्या पाकिटावर 'शुगर बॉल्स' छापलेलं बघितलं आणि म्हटलं इथे विचारावंच. काटेरी हलव्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे का? तुमच्या भागात काय म्हणतात?

प्रतिसाद
आमच्याकडे तिळाचा असला तरी नुसतं हलवाच म्हणतात. सतत हलवत राहावं लागतं म्हणून हलवा, असं आजी सांगायची.

मूळ लेखिका
आजीचं म्हणणं करणाऱ्याच्या दंडाला पटणारं आहे 🙂 पण शब्द अरबी आहे, तिकडे हलवा म्हणजे गोड पदार्थ, त्यावरूनच हलवाई. गंमत पुढे आहे. हिंदीत शीरा म्हणजे साखरेचा पाक, आणि रव्याच्या गोडाला ते हलवा म्हणतात. आपण नेमकं उलट केलं, रव्याच्या गोडाला शिरा म्हटलं आणि पाकाच्या दाण्याला हलवा. म्हणून मला हा शब्द सोडवत नाही, सत्यनारायणाला शिरा आणि संक्रांतीला हलवा हे आपल्याकडे इतकं स्पष्ट आहे की कुणाला समजावून सांगावंच लागत नाही, निदान आत्तापर्यंत लागत नव्हतं.

प्रतिसाद
मग काटा कशाने येतो? मी दोनदा केला, दोन्ही वेळा गुळगुळीत गोळ्या झाल्या.

मूळ लेखिका
पाक घट्ट झाला असेल किंवा एकदम जास्त घातला असेल. साखर बुडेल एवढं पाणी, उकळी आली की चमचाभर दूध, म्हणजे मळी वर येते ती काढून टाकायची आणि पाक गाळून घ्यायचा. पाक एकतारीच्या आतच ठेवायचा. परातीत खसखस किंवा तीळ घेऊन परात अगदी मंद शेगडीवर, आणि पाक चमच्याने थेंब थेंब. एक चमचा घातला की बोटांनी हलक्या हाताने फिरवत राहायचं, तो पूर्ण सुकला की मगच दुसरा. साखरेचा थर दाण्यावर सुकतो, पुढचा थेंब आधीच्या उंचवट्यावरच जास्त धरतो, असं होत होत टोकं निघतात. घाई केली की सगळे दाणे एकमेकांना चिकटून ढेप होते. थंडी पाहिजे, दमट हवेत काटा धरत नाही. माझी आई तीन-चार दिवस रोज दुपारी थोडा थोडा करायची, बोटांची टोकं लाल व्हायची तिची. दुसऱ्या दिवशी परातीवरचं फडकं काढलं की म्हणायची 'आला बघ काटा', आणि खरंच त्या पांढऱ्या खसखशीला बारीक बारीक टोकं दिसायची, नखाएवढ्या दाण्यावर वीस-पंचवीस तरी. अंगावर काटा येतो तोच हा शब्द, आणि तेच क्रियापद. हलव्याला काटा 'करत' नाहीत, तो येतो नाहीतर फुटतो. पाकिटावर शुगर बॉल्स लिहिणाऱ्याने तो येताना कधी बघितला नसणार असं मला वाटतं.

आत काय आहे त्यावरून नाव पुढे जोडतात हेही लिहून ठेवते: खसखशीचा, तिळाचा, साबुदाण्याचा, लवंगेचा, बडीशेपेचा, शेंगदाण्याचा. दागिन्यांना खसखशीचा छान दिसतो कारण दाणा बारीक, आणि काळ्या साडीवर तो पांढरा हार काय उठून दिसतो!

प्रतिसाद
मी जपानमध्ये राहते. इथे कोनपेइतो नावाची गोळी मिळते, पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं कुणीतरी आपला हलवा आणलाय, तसेच काटे! नाव पोर्तुगीज कोन्फेइतोवरून आलंय. लुईस फ्रॉइश या पाद्र्याने 1569 मध्ये ओदा नोबुनागा या इथल्या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीत घालून भेट दिली होती. पूर्वी इथेही आत खसखसच असायची.

मूळ लेखिका
हे वाचून फार आनंद झाला, खसखशीवर पाक चढवायची युक्ती किती लांब लांब आहे.

प्रतिसाद
कॅन्डी हा शब्द तरी कुठे परका आहे. संस्कृत खंड, त्याचं फारसी-अरबीत कंद, मग फ्रेंचमधून इंग्रजीत. आपण कॅन्डी म्हणतो तेव्हा खांडच म्हणतोय. आणि शर्करा म्हणजे मुळात वाळू, खडे, त्यामुळे खडीसाखरेत खडा दोनदा आलाय.

प्रतिसाद
आम्ही नागपूरकडचे. आमच्याकडे साखरेच्या माळेला गाठी म्हणतात, होळीला लहान पोरांच्या गळ्यात घालतात. पुण्यात आल्यावर कळलं की इथे ती पाडव्याला गुढीवर असते. रेवडीचं एक विचारायचं होतं, रेवडी उडवणे म्हणजे टिंगल करणे, ते कशावरून?

मूळ लेखिका
गाठीला आमच्याकडे साखरगाठी म्हणतात, लाकडी साच्यात दोरा ठेवून वर पाक ओततात म्हणून पदकं ओवावी लागत नाहीत. त्यातला दोरा चोखायला सगळ्यात मजा यायची, साखर संपली तरी. रेवडीच्या वाक्प्रचाराचं कुणीतरी जाणकाराने सांगावं.

माझी एकच विनंती. मुलांना सगळ्यालाच चॉकलेट म्हणायची सवय लागली आहे, लिमलेटची गोळी पण चॉकलेट, श्रीखंडाची गोळी पण चॉकलेट. त्यांच्या हातात गोळी देताना तिचं नाव सांगा. भाचीला मी शेवटी पाव किलो तिळाचा हलवा कुरियर केला, डब्यावर मोठ्या अक्षरात 'हलवा' लिहिलं. काल तिचा मेसेज आला, मावशी, दोन दाणे फोडून बघितले, आत खरंच तीळ आहे गं.