‘कॉन्स्टंट’ चिनी भाषिकांना कसं समजवायचं?

शिंचूची_सून:
तैवानात शिंचूला असते. शनिवारी चिप कारखान्यातल्या इंजिनिअर मंडळींचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. ‘कॉन्स्टंट टेम्परेचर’ त्यांना शिकवावंच लागत नाही. क्लीनरूममध्ये तापमान जराही हलू न देणं हेच त्यांचं काम, आणि त्याला ‘हंगवन’ असा शब्दही तयार आहे. गाडी अडली ‘कॉन्स्टंट चेंज’पाशी. एकाने विचारलं, “टीचर, न बदलणारा बदल?” मागोमाग ‘कॉन्स्टंट कम्प्लेंट्स’ आलं. रोज तीच तक्रार की रोज नवी? काय सांगू?

भाषांतऱ्या:
ताई, त्यांच्याच ‘छांग’ला धरा की! गणितातला स्थिरांक ‘छांगशू’, सदाहरित झाडाचं ‘छांगल्यू’, आणि वारंवार म्हणजे ‘छांगछांग’. अक्षर तेच. बौद्धांचं ‘अनित्य’ चिनीत गेलं तेही ‘वूछांग’ होऊन. आपल्या ‘कायम’चंही तसंच आहे: कायमचा पत्ता, आणि कायम उशिरा येणारे भाऊजी.

वर्गात मी एवढंच विचारीन: मोजायची गोष्ट आहे की घडणारी? तापमान, वेग, दाब असेल तर आकडा हलत नाही. बदल, तक्रारी असतील तर थांबत नाहीत; तक्रार रोज नवी असली तरी चालेल. मग शिंचूचा वारा घ्या. तुमच्या गावाला ‘वाऱ्याचं शहर’ म्हणतातच. ‘कॉन्स्टंट विंड’ म्हटलं की हवामानखात्याचा माणूस वेग बघेल, छत्री उलटलेला माणूस म्हणेल, मेला थांबतच नाही. दोघंही बरोबर. यावर तुमचे इंजिनिअर भांडतील, भांडू द्या.

व्युत्पत्तीवेडा:
‘कॉन्स्टंट’ ज्यातून आला तो लॅटिन ‘स्तारे’ (उभं राहणं) आणि आपला ‘स्था’ धातू एकाच कुळातले. म्हणजे ‘कॉन्स्टंट’ आपल्या ‘स्थिर’चा भाऊबंदच!

भाषांतऱ्या:
आपल्याला गोड वाटतं हो, पण त्या वर्गाला संस्कृत कुठे येतंय?

शिंचूची_सून:
छांगछांग लगेच पटेल त्यांना, शनिवारी तिथूनच सुरू करते. जाता जाता अजून एक: सगळे ‘फिक्स्ड जॉब’ म्हणतात. चिनी ‘कुतिंग’चं (ठरलेलं, पक्कं) थेट भाषांतर.

भाषांतऱ्या:
पगार ‘फिक्स्ड’ चालेल, नोकरी ‘स्टेडी’ म्हणायला लावा. आणि आता कोणी ‘कॉन्स्टंट जॉब’ म्हणालं, तर तिथेच थांबवा.