अनुभव धागा: गाजलेल्या उक्ती आणि बिरुदांचा उगम कसा पडताळता?

'ध चा मा', 'गड आला पण सिंह गेला', 'संक्रांत कोसळली', 'साडेतीन शहाणे', 'महात्मा', 'राजर्षी'. यांच्यामागच्या कथा सगळ्यांनाच तोंडपाठ आहेत. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी पडताळणीची रीत लिहावी: आधी काय बघता, कशाचा ताळा घेता, फसगत कुठे होते.

पंचांग-गणित करणारे

'संक्रांत कोसळली' हे पानिपतावरून आले, असे हमखास सांगितले जाते. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली आणि संक्रांतही १४ जानेवारीला येते, एवढाच त्याला आधार. पण संक्रांत कायम १४ तारखेला नव्हती. ती निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली असल्यामुळे इंग्रजी कॅलेंडरात साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ पासून आजपर्यंत साडेतीन दिवसांहून जास्त फरक पडतो, म्हणजे त्या साली संक्रांत १०-११ जानेवारीलाच होऊन गेली. ताळा घ्यायचा तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख घ्या. १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस संक्रांतीचा. त्याच्या शंभर वर्षे आधी ती १४ ला असणे शक्यच नाही. लीप वर्षामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो, तीन नाही.

मला जास्त पटणारा उगम पंचांगातच आहे. संक्रांतिफलात देवीचे वाहन, वस्त्र, ती कुठून कुठे जाते हे दिलेले असते, आणि ती जिकडे जाईल, जे धारण करेल त्यावर संकट येते असे मानतात. 'यंदा कोणावर संक्रांत?' हा प्रश्न तिथूनच येतो. त्यासाठी लढाईची गरज नाही.

तारखा जुळवताना तिथी आणि वार दोन्ही धरा. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. वार जुळला नाही तर रूपांतर चुकले असे खुशाल समजा. शिवकाळासाठी इंग्रज वखारीची पत्रे वापरत असाल तर आणखी सांभाळून. इंग्रजांची तारीख तेव्हा आजच्या कॅलेंडरपेक्षा १० दिवस मागे असे आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून आपल्या १६७० च्या फेब्रुवारीतले पत्र त्यांच्याकडे १६६९ चे म्हणून सापडते. निम्मे घोळ इथेच होतात.

गडकोटांचे कागद पाहणारे

तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर पडले आणि महाराजांच्या उद्गारावरून गडाचे नाव सिंहगड झाले, ही कथा. पण महाराजांच्या १६६३ च्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आधीच आहे. पराक्रमाला याने तसूभरही उणेपणा येत नाही. फक्त नावाचा उगम त्या रात्रीत शोधू नये. कोणत्याही नावाची कथा ऐकली की त्या घटनेच्या आधीच्या कागदांत तेच नाव शोधायचे. एक जरी कागद मिळाला तरी निकाल लागतो. उलट बाजूने तसे नाही: आधी नाव सापडले नाही म्हणजे कथा खरी, असे ठरत नाही.

बखरीतला संवाद वापरताना बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली हे आधी टिपून ठेवा.

मोडी वाचणारे

नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, शनिवारवाड्यात. 'धरावे'चे 'मारावे' केले ही कथा बहुतेक जण देवनागरीत 'ध' आणि 'मा' काढून समजावतात. तिथेच चूक होते, कारण दफ्तरी लेखन मोडीत चाले. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात, मग अक्षरे तिला लटकवतात आणि शब्दांत अंतर सोडत नाहीत. त्यामुळे नुसते अक्षर बदलून भागत नाही. पुढच्या 'र'ला न चिकटता एक काना दाटीत बसवावा लागतो. स्वतः बोरूने दोन्ही शब्द लिहून पाहा, अडचण लगेच कळते. कागदाच्या शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, असते ते पुढे मजकूर वाढवू नये म्हणून; मधल्या अक्षराची खाडाखोड त्याने थांबत नाही.

जुनी वर्तमानपत्रे चाळणारे

'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे टिळकांचे वाक्य ६ जुलै १८९७ च्या 'केसरी'तले. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला तो मंगळवार, आणि ६ जुलै १८९७ हाही मंगळवार. त्या काळातल्या 'केसरी'च्या अग्रलेखाची म्हणून कोणी तारीख दिली आणि तो मंगळवार निघाला नाही, तर आधी तारखेवर शंका घ्या.

तोंडी पसरलेल्या घोषणेसाठी आधी काळाची चौकट आखून घ्यावी. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे चीन युद्धाच्या वेळचे, यशवंतराव चव्हाणांबद्दलचे. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन नोव्हेंबर १९६२ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळातून गेले, चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली २१ नोव्हेंबरला. पहिल्यांदा याच दोन आठवड्यांचे अंक काढा, नंतर मागेपुढे सरका.

चरित्रकोशाचे काम करणारे

बिरुदाची पहिली चौकशी: ते सभेत दिले, आंदोलनातून चिकटले, की स्वतः घेतले?

सभेतले असेल तर गाव, संस्था, दिवस मिळतो. जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवी कोळीवाड्याच्या सभेत, विठ्ठलराव वंडेकरांच्या हस्ते. शाहू महाराजांना 'राजर्षी' १९१९ साली कानपूरला, कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत. या तारखांचा उपयोग मोठा आहे. १८८८ आधीच्या म्हणून दाखवलेल्या मजकुरात फुल्यांना 'महात्मा' म्हटले असेल तर तो भाग नंतरच्या हाताचा.

आंदोलनातून चिकटलेल्या बिरुदाला एकच तारीख मागू नये. बापट 'सेनापती' झाले ते मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहातून. 'लोकहितवादी' मात्र गोपाळ हरी देशमुखांचे स्वतःचे टोपणनाव; १८४८ पासून 'प्रभाकर'मधल्या पत्रांखाली ते दिसते.

'साडेतीन शहाण्यां'ना वयाची कसोटी लावा. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण ते मुत्सद्दी असले तरी तलवारबहाद्दर नव्हते. विठ्ठल सुंदर राक्षसभुवनच्या लढाईत १७६३ ला पडले. नानांचा जन्म १७४२ चा, म्हणजे तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे. चौघांना एका रांगेत बसवणारी ही मोजणी नानांचा जम बसल्यावरच झाली असणार, १७७३ नंतरची.