मदत हवी आहे: कोलकात्याच्या फुटबॉल डर्बीनंतर रात्री हावड्याला कसं यायचं?

रामबागकर: रविवारी संध्याकाळी मॅच आहे. इंदूरहून शिप्रा एक्स्प्रेसनं जातोय, मॅचची तिकिटंही काढून झाली. सुटल्यावर हावड्याला टॅक्सी मिळते का, एवढंच सांगा. आजच खोली बुक करायची आहे.

सराफ्याची_रात्र: कुठलं मैदान? कोलकात्यात ढीगभर आहेत.

रामबागकर: अहो, मोहन बागान-ईस्ट बंगाल, एकाच शहरातले दोन कट्टर क्लब, तीच डर्बी! सॉल्ट लेक स्टेडियम.

पलासिया७: शिप्रा रात्री उशिरा सुटते नि हावड्याला तिसऱ्या दिवशी सकाळी पोचते. शनिवारचं रिझर्वेशन असेल तर मॅच हुकली समजा. त्यापेक्षा विमानानं जा.

रामबागकर: गुरुवारचं आहे. परत यायचं कसं ते सांगा ना!

जुना_हाफबॅक: टॅक्सीच्या नादी लागू नका. स्टेडियमजवळून ग्रीन लाइन मेट्रो थेट हावड्याला जाते, हुगळीच्या खालून.

देवास_नाका: गर्दी पाहिलीय का कधी? 2023 च्या ड्युरंड कप फायनलला मी होतो, हेच दोघं होते. बागाननं 1-0 नं जिंकली. बाहेर मुंगीला वाट नव्हती, उल्टाडांग्यापर्यंत चालत गेलो.

जुना_हाफबॅक: तेव्हा हावड्याला मेट्रो नव्हतीच हो! 2024 ला आली, आणि सियालदह-एस्प्लनेड हा मधला तुकडा जोडला गेला 2025 च्या ऑगस्टमध्ये. जुनं सांगून त्यांना घाबरवू नका.

स्नेहलताई: बरोबर लहान कोणी आहे का?

रामबागकर: भाचा, 12 वर्षांचा. बागानचा वेडा आहे, हिरवी-मरून जर्सी घालूनच येणार.

शील्ड१९११: शाब्बास! त्याला सांगा, 1911 ला बागाननं गोऱ्या पलटणीच्या टीमला हरवून आयएफए शील्ड स्पर्धा जिंकली, तीही बहुतेक जण अनवाणी खेळून.

सराफ्याची_रात्र: ते राहू द्या. तिकीट कुठल्या बाजूचं आहे?

रामबागकर: मिळालं ते घेतलं. थांबा, बघतो... ईस्ट बंगालच्या बाजूचं दिसतंय.

जुना_हाफबॅक: मग जर्सी खोलीवरच राहू दे, साधा शर्ट घाला त्याला. 16 ऑगस्ट 1980 ला ईडनवर याच डर्बीत प्रेक्षकांच्या मारामारीत 16 माणसं दगावली. दोन्हीकडच्यांना वेगळं बसवतात ते उगीच नाही. आणि मोबाइलवरचं तिकीट चालतं का ते आधीच विचारा. मला खिडकीवर कागदी बदलून घ्यावं लागलं होतं, त्यात दोन तास गेले.

स्नेहलताई: रात्री हावडा कशाला? करुणामयीला खोली घ्या, स्टेडियमपासून मेट्रोनं चारच स्टेशनं. पोराला घेऊन गर्दीत उतरू नका, अर्धा तास आतच बसून राहा.

रामबागकर: करुणामयीला घेतली. भाचा जर्सीशिवाय यायला तयार नाही. बागानच्या बाजूची दोन तिकिटं कोणाकडे जास्तीची आहेत का?