पेंट बूथसाठी मास्कला कुठली कार्ट्रिज लावायची? दुकानदार एक सांगतो, शेठ दुसरंच

रबाळे_पेंटशॉप:
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, मी सुपरवायझर. इलेक्ट्रिकल पॅनलचे बॉक्स बनवतो, आधी अ‍ॅसिडच्या टाकीत गंज काढायचा मग बूथमध्ये स्प्रे. बूथवरची दोन पोरं आत्तापर्यंत एन९५ लावूनच मारायची, संध्याकाळी डोकं धरून बसतात, एकाला तर जेवण जात नाही. शेठच्या मागे लागून लागून हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारे, बाजूला कार्ट्रिज म्हणजे फिल्टरचे डबे लावायचे) मंजूर करून घेतलेत. आता दुकानदार म्हणतो हे गुलाबी चकत्यावाले घ्या, ह्यात कार्बन पण आहे, वास बिलकुल येत नाही. शेठ म्हणतात एकच मल्टी गॅस घे सगळ्याला चालेल. फोरमन म्हणतो वास यायला लागला की बदलायची. तिघांपैकी कोणाचं ऐकू? हे काम रोज करणारं कोणी असेल तर जरा नीट सांगा.

तळोजा_सेफ्टी:
दादा कोणाचंच नका ऐकू 😄 आधी पेंट, थिनर आणि हार्डनर तिघांची सेफ्टी डेटा शीट मागवा सप्लायरकडून, द्यायलाच लागते त्याला. तिसऱ्या सेक्शनमध्ये आत काय आहे ते असतं आणि आठव्यात मास्क कुठला ते. ते न बघता कार्ट्रिज निवडणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

बाकी थोडक्यात सांगतो. एन९५ हा कणांसाठी आहे, धूळ, ग्राइंडिंगचा बारीक चुरा, स्प्रेचं तुषार, एवढंच. थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते, म्हणून पोरांची डोकी धरतात. गुलाबी चकती म्हणजे पी१००, ती ९९.९७ टक्के कण अडवते, वेल्डिंगच्या धुराला एक नंबर. त्यातल्या काहींमध्ये कार्बनचा पातळ थर असतो पण तो नुसता त्रासदायक वास कमी करायला, म्हणजे वाफ मर्यादेच्या आत असेल तेव्हाच. पेंट बूथला तो धरून चालू नका. दुकानदार खोटं नाही बोलत, अर्धं बोलतो.

तुम्हाला लागणार ऑरगॅनिक व्हेपरची, म्हणजे थिनरसारख्या सॉल्व्हंटच्या वाफेची कार्ट्रिज आणि तिच्यावर पुढून कणांचा प्री-फिल्टर, तो जाळीच्या झाकणाने बसतो. प्री-फिल्टर नसेल तर पेंटचं तुषार कार्ट्रिजच्या तोंडावर बसून ती चोंदते, पोरं मग श्वास लागतो म्हणून मास्क खाली ओढतात. अ‍ॅसिडच्या टाकीला अ‍ॅसिड गॅसची लागेल. दोन्ही एकत्र असलेली पण मिळते, तुमच्याकडे तीच बरी पडेल. मल्टी गॅस घेतली म्हणून काही बिघडत नाही, पण शेठना सांगा की मल्टी म्हणजे सगळं नाही, कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून पण आरपार जातो, आणि टाकीत वगैरे उतरायचं असेल जिथे ऑक्सिजन १९.५ टक्क्याच्या खाली असू शकतो तिथे कुठलीच कार्ट्रिज उपयोगाची नाही.

आणि रंगावर जाऊ नका हां. अमेरिकन पद्धतीत पिवळा पट्टा म्हणजे ऑरगॅनिक अधिक अ‍ॅसिड. युरोपियन पद्धतीत पिवळा म्हणजे ई टाइप, फक्त सल्फर डायऑक्साइडसारखे अ‍ॅसिड गॅस, ऑरगॅनिकला तिथे तपकिरी असतो. आपल्याकडे बाजारात दोन्ही मिळतात. हिरवा तेवढा दोघांकडे अमोनिया. लेबल वाचूनच घ्या.

रबाळे_पेंटशॉप:
धन्यवाद सर. शीट आली व्हॉट्सअ‍ॅपवर. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट. पेंट टू-के पीयू आहे (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन), हार्डनरमध्ये एचडीआय असं काहीतरी लिहिलंय. हे चालेल ना ऑरगॅनिकवर?

हवा_मोजणी_ठाणे:
इथे थांबा. एचडीआय म्हणजे आयसोसायनेट, तुमच्या सगळ्या यादीत खरा धोका तोच आहे, थिनर नाही. अंदाज यावा म्हणून सांगते, १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये टोल्युइनची आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) दिली होती, अमेरिकेतली एसीजीआयएच ही अशा मर्यादा सुचवणारी संस्था ती २० धरते. एचडीआयची त्यांचीच मर्यादा ०.००५ पीपीएम आहे. आणि मर्यादा ओलांडली तरी वास येत नाही, म्हणजे फोरमनचं वास आला की बदल हे इथे पूर्ण निकामी. एकदा का माणसाला त्याची अ‍ॅलर्जी बसली की दमा होतो, नंतर अगदी थोड्या वाफेनेसुद्धा छाती भरते, मग त्याला ते काम सोडावंच लागतं. रात्री खोकला, छातीत शिट्टी वाजल्यासारखं, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं असं कोणी पोरगं म्हणत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि काय मारतो ते त्यांना सांगा.

म्हणून बऱ्याच हार्डनरच्या शीटमध्ये स्प्रेसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लिहिलेला असतो. तुमच्या शीटचा आठवा सेक्शन शेठसमोर उघडून ठेवा. ब्रशने टचअप वगैरे किरकोळ काम असेल आणि शीट परवानगी देत असेल तर कार्ट्रिज चालेल, पण बदलायचं वेळापत्रक ठरवून. अमेरिकेच्या ओशाने (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) १९९८ पासून तेच केलंय, वासावर विसंबायचं नाही, एकतर कार्ट्रिजवर संपल्याचा इंडिकेटर हवा नाहीतर लेखी वेळापत्रक. मास्कच्या मोठ्या कंपन्यांच्या साइटवर हिशोब करायचं सॉफ्टवेअर फुकट असतं, रसायन, पीपीएम, कामाचा जोर, तापमान, दमटपणा टाकला की तास देतं. दमटपणा खरा टाका, जुलैमध्ये आपल्याकडे हवा ८५ टक्क्याच्या पुढे असते, कार्बनमधली जागा पाणीच खातं आणि कार्ट्रिज बरीच लवकर संपते. उन्हाळ्यात काढलेला आकडा पावसाळ्यात वापरू नका.

हाफ मास्क नीट बसला तर मर्यादेच्या १० पट वाफेपर्यंत चालतो असं धरतात, फुल फेस ५० पट. पण म्हणून टोल्युइन १००० पीपीएमपर्यंत चालेल असं नाही, ५०० पीपीएमलाच टोल्युइन जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. एकदा हवा मोजून घ्या, नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार. अजून एक, जुना पेंट काढायला रिमूव्हर वापरत असाल तर त्यात डायक्लोरोमिथेन आहे का बघा, ते ४० अंशाला उकळतं, साध्या ऑरगॅनिक कार्ट्रिजमधून फार लवकर बाहेर पडतं.

वागळे_जुना_पेंटर:
ताई बरोबर बोलल्या, पण भाऊ कितीही महाग मास्क आणा, दाढीवर तो बसत नाही. आता श्रावण आला की अर्धी पोरं दाढी ठेवतात, मग रबर आणि गालाच्या मधून सगळी वाफ आत. आमच्याकडे सरळ सांगितलेलं, श्रावण पाळायचा तर पाळ, तेवढे दिवस असेंब्लीला जा, बूथवर नाही. कोणी कुरकुर केली नाही.

मास्क चढवला की दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा, मास्क थोडा आत ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. फुस्स झालं तर पट्टे परत लावा. रोज, प्रत्येक वेळी.

आणि मास्क कुठे ठेवतात ते बघा एकदा. बहुतेक बूथमध्ये खिळ्याला लटकलेला असतो, खाली थिनरचा उघडा डबा, म्हणजे रात्रभर कार्ट्रिज थिनरच पितेय. जेवणाच्या सुट्टीत पण काढून झिपच्या पिशवीत, पिशवी लॉकरमध्ये. पाकीट फोडलं की मार्करने तारीख टाका कार्ट्रिजवर, नाहीतर कोणाची कुठली काही कळत नाही. घेताना सीलबंद पाकीट आणि एक्सपायरी बघून घ्या. मुंबईत नागदेवीच्या बाजारात स्वस्तात सुटी मिळतात, पाकीट नसलेली, ती घेऊ नका. एका कंपनीचा मास्क आणि दुसरीची कार्ट्रिज पण नाही, आटे जुळल्यासारखे वाटतात पण सील होत नाही.

रबाळे_पेंटशॉप:
शेठना शीट दाखवली. गप्प झाले जरा, मग म्हणाले हवेचाच मास्क लागणार असेल तर आपल्या स्प्रे गनच्या कॉम्प्रेसरवरून लाइन काढ, वेगळा खर्च कशाला. चालेल का?

तळोजा_सेफ्टी:
तसाच अजिबात नाही!! तो तेलाचा कॉम्प्रेसर असणार. गरम झाला की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि तो सरळ पोराच्या तोंडात. एकतर श्वासासाठीचा ऑइल-फ्री घ्या नाहीतर ह्याच लाइनला ब्रीदिंग एअरचं फिल्टर पॅनल आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, सप्लायरकडून लेखी घ्या की हवा श्वासाला योग्य आहे. कॉम्प्रेसर हवा ओढतो ते तोंड कुठे आहे तेही बघा, जनरेटरच्या सायलेन्सरजवळ असेल तर आधी ते हलवा. तोपर्यंत हार्डनर घातलेला स्प्रे बंद ठेवा, जॉब बाहेर दुसऱ्या पेंटशॉपकडून मारून घ्या. कोटेशन आली की इथे टाका, बघून सांगतो.